ओव्हाळांची बॅटरी-रूम

घ्यायचा होता एक टॉर्च. घरात कचरू ओव्हाळांच्या जागी दुसरं कुणीही असतं, तर ही गोष्ट कोपऱ्यावरच्या दुकानात पाच मिनिटांत संपली असती आणि आज आपल्याला सांगायला काही उरलं नसतं.

दोन हजार पाच सालची दिवाळी नुकतीच झाली होती. ते दिवस आठवतात का? मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आला होता, पण आलेला फोन फुकट असतो यावर अजून कुणाचा पुरता विश्वास बसला नव्हता. त्यामुळे माणसं फोन उचलून भराभरा बोलत आणि धापा टाकत ठेवून देत. प्रत्येक इमारतीतून एखादा तरी मुलगा किंवा मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून कंपनीच्या बसने हिंजवडीला जाऊ लागली होती. आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून पुण्यातले रस्ते केबलसाठी खणून ठेवलेले होते. विश्रांतवाडीतली ओव्हाळांची गल्लीही कुठल्याशा खासगी फोन कंपनीने खणली. खणताना रस्त्यावरच्या दिव्यांची तार तोडली. मग कंपनी निघून गेली. चर आणि अंधार तेवढा गल्लीला राहिला.

नंदाबाई ओव्हाळ बिबवेवाडीच्या शाळेत शिक्षिका होत्या. शाळा सकाळी सातची, म्हणजे पावणेसहाची बस गाठायची, पुढे स्टेशनवर दुसरी. थंडीतला पावणेसहाचा अंधार आणि गल्लीभर तो चर. एके दिवशी त्यांचा पाय मुरगळला. रविवारी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अहो, एक टॉर्च आणता का?"

ओव्हाळांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

या घडी घालण्याला फार महत्त्व होतं, ते असं. ओव्हाळ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला वर्ष झालं होतं. चौतीस वर्षं त्यांनी एक्स्चेंजची बॅटरी-रूम सांभाळली. बॅटरी-रूम म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगायला हवं. एक्स्चेंजच्या पोटात एक मोठी खोली, तिच्यात कमरेइतक्या उंचीचे चोवीस सेल, दिवसरात्र चार्जरला जोडलेले. गावाची वीज गेली तरी फोन जात नसे, तो या खोलीच्या जिवावर. ओव्हाळ रोज सकाळी तिथे जात, पाण्याची पातळी बघत, व्होल्टेज बघत आणि रजिस्टरात लिहीत. अख्खं शहर एकमेकांशी बोलत होतं आणि ते कुणामुळे हे एकट्या ओव्हाळांना माहीत होतं. निवृत्त झाल्यावर हा माणूस आठ-आठ वाजेपर्यंत लोळायला लागला. दाढी दोन दिवसांआड. काही म्हटलं की, "घाई काय आहे?" मुलगी निकिता हिंजवडीला नोकरीला, ती रात्री यायची. नंदाबाई शाळेतून आल्या की हे सकाळच्याच खुर्चीत, सकाळचंच पान उघडं. बाईंना त्या खुर्चीची धास्तीच बसली होती. त्या चरापेक्षा जास्त.

म्हणून घडी पडली तेव्हा त्यांनी मेथी खाली ठेवली.

"टॉर्चचं काही नाही गं," ओव्हाळ म्हणाले, "प्रश्न सेलचा आहे."

दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओव्हाळ तपकीर गल्लीत हजर. विजेचं काहीही घ्यायचं तर पुणेकर तपकीर गल्लीत जातो आणि अपमान करून घेऊन परत येतो, ही रीतच आहे. ओव्हाळांना खात्याच्या पद्धतीने खरेदी करायची होती. म्हणजे आधी तीन कोटेशनं.

"कोटेशन द्या," ते पहिल्या दुकानात म्हणाले.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "किती नग?"

"एक एलईडी टॉर्च, त्याला पुरतील इतके रिचार्जेबल सेल, एक चार्जर. लेटरहेडवर द्या."

"आजोबा, लेटरहेड टॉर्चपेक्षा महाग पडेल. घ्यायचं नसेल तर जरा बाजूला उभे राहा, मागे गिऱ्हाईक आहे."

मागे कुणीही नव्हतं. ओव्हाळांनी वळून खात्री केली, म्हणजे तोही अपमान त्यांनी पुरा करून घेतला. आणि साठीच्या माणसाला पंचावन्नच्या माणसाने आजोबा म्हणावं? तीन दुकानांत मिळून त्यांना एकही कोटेशन मिळालं नाही. मिळाली ती माहिती अशी की एलईडी टॉर्चमध्ये सेल तीन लागतात, पाकिटात ते दोन किंवा चार येतात आणि चार्जरमध्ये भरतात जोडीने. ही व्यवस्था ज्या कुणी केली त्याला सरकारी खात्यात चांगली बढती मिळाली असती, असं ओव्हाळांचं मत पडलं.

पण एक सांगतो, माणूस अडाणी नव्हता. दुसऱ्या दुकानात त्यांना दुप्पट ताकदीचे म्हणून निम्म्या किमतीचे सेल दाखवले, तेव्हा त्यांनी ते हातात धरले आणि मान हलवली. "हलका लागतो," ते म्हणाले. एक तो आणि एक महागातला, असे दोन सेल पैसे भरून घेतले आणि समोरच्या सोनाराकडे नेले. सोनाराने दोन्ही काट्यावर ठेवून गंभीरपणे वजन सांगितलं आणि घट किती धरू म्हणून विचारलं. स्वस्त सेल निम्म्या वजनाचा निघाला. आत माल नाही, नुसतं ताकदीचं लेबल. दुकानदार गप्प झाला. तपकीर गल्लीत दुकानदार गप्प होणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि ओव्हाळांनी ती घरी तीनदा सांगितली. तिन्ही वेळा नंदाबाईंनी "अगं बाई!" म्हटलं.

टॉर्च, चार्जर आणि महागातले चार सेल आले. मीटर लावला तर प्रत्येकी सव्वा व्होल्टसुद्धा नाही. साधा सेल दीड व्होल्टचा असतो. ओव्हाळ तडक पुन्हा तपकीर गल्लीत.

"कमी भरतायत," ते म्हणाले.

"हे जन्मतःच तेवढे असतात," दुकानदार म्हणाला. "पाकिटावर छापलंय. वाचत चला. वाचनाने ज्ञान वाढतं."

पाकिटात एक घडीचा कागदही होता, बारीक अक्षरातला. तो ओव्हाळांनी वाचला नाही. चौतीस वर्षं सेल सांभाळलेल्या माणसाने सेल कसा सांभाळावा हे कागदात वाचायचं म्हणजे नंदाबाईंनी पाढे पुस्तकात बघून शिकवण्यासारखं झालं. तो कागद त्यांनी चार्जरच्या खोक्यात ठेवून दिला.

आता चार्जिंग कुठे करायचं? घरात नाही. बॅटरी-रूम वेगळी हवी, हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना सेलमधून वायू निघतो. त्या कमरेइतक्या सेलमधून निघत असे हे खरं. ओव्हाळांनी सोसायटीकडे अर्ज केला की जिन्याखालची मीटरची खोली या कामासाठी मिळावी. सेक्रेटरी गोपाळकृष्ण टेंबे हे बँकेतून निवृत्त झालेले, समोरच्याच दाराचे. त्यांनी अर्ज जिन्यातच हातात घेतला, वाचला, परत दिला आणि म्हणाले, "आवक करून द्या." आवक झाली. तीन आठवड्यांनी लेखी उत्तर आलं: 'आपल्या चार पेन्सिल सेलांचा विषय धोरणात्मक असल्याने तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल. सभा सप्टेंबरात आहे. कळावे.' उत्तर द्यायला टेंबे स्वतः आले होते आणि चहा घेऊन गेले.

मग गॅलरीतच बॅटरी-रूम झाली. भिंतीला फळी, फळीवर चार्जर, वर पाटी: 'विडी-सिगारेट ओढण्यास सक्त मनाई.' त्या घरात कुणीच ओढत नव्हतं. प्रत्येक सेलवर लाल रंगाने नंबर. एक नंबरचा सेल हा पायलट सेल, म्हणजे रोज त्याचं व्होल्टेज मोजायचं आणि बाकीचे तसेच आहेत असं धरायचं, ही खात्याची पद्धत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार्जर बंद करायचा नाही. एक्स्चेंजची बॅटरी कधी चार्जरवरून काढतात का? नंदाबाई बसपर्यंत टॉर्च वापरत आणि पर्समध्ये टाकत. दुपारी परत आल्या की सेल जे चार्जरवर चढत ते पहाटेपर्यंत तिथेच. शनिवारचे चढलेले सोमवारपर्यंत.

आणि ओव्हाळ पाचला उठू लागले! स्वेटर घालून गॅलरीत जायचे, सेलला हात लावून बघायचे. "मस्त गरम झालेत. टम्म भरलेत," असं म्हणत मीटर लावायचे आणि रजिस्टरात लिहायचे. पायलट सेल, एक पूर्णांक चार. आकडा बघून त्यांना समाधान व्हायचं. मग टॉर्च भरून नंदाबाईंच्या हातात. तोवर चहाही त्यांनीच ठेवलेला असे. बाईंनी पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा पहाटे आयता चहा प्यायला.

दुपारी बाई आल्या की त्यांना विचारायचे, "कसा चालला?"

"छान चालला."

'वापरणाऱ्याचा अभिप्राय: समाधानकारक,' असं त्या तारखेपुढे लिहिलं जाई. नव्वद दिवस, नव्वद वेळा समाधानकारक. रविवारी शाळा नसते, पण रविवारचाही अभिप्राय घेतला जाई.

कीर्ती पसरायला वेळ लागत नाही. तळमजल्यावरच्या शैलाताई डबे करायच्या, त्यांना पहाटे दूध आणायला जावं लागे. त्यांनी तसाच टॉर्च घेतला. मग टेंब्यांनी घेतला. ओव्हाळांनी दोघांना एकच अट घातली: "सेल माझ्याकडे जमा करायचे. ही घरी करायची गोष्ट नाही." संध्याकाळी दोघं सेल आणून देत, सही करत, सकाळी घेऊन जात. फळीवर तीन चार्जर झाले. निकिता एकदा म्हणाली, "पप्पा, हे चोवीस तास ऑन ठेवायचं असतं का? आय मीन, ओव्हरचार्ज नाही होत?" ओव्हाळ नुसते हसले. हसण्याचा अर्थ असा होता की तू जन्मायच्या आधीपासून.

पण महिन्याभरात कुरबुर सुरू झाली. शैलाताई म्हणाल्या, टॉर्च गल्लीच्या तोंडापर्यंतही पोचत नाही, मधेच पिवळा पडतो. टेंबे म्हणाले, पोचतो, पण परत येत नाही. ओव्हाळांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "मिसेसचा सेट तुमच्याहून जुना. एक दिवस तक्रार नाही. दोष हाताळणीत आहे. तुम्ही बटण फार जोरात दाबता."

फेब्रुवारीत एका पहाटे टेंबे दुधाच्या दोन पिशव्यांसकट चरात गेले. गुडघ्यापर्यंत. एक पिशवी फुटली. टॉर्च हातात होता, विझलेला. ते तसेच चिखलाच्या पायाने वर आले आणि ओव्हाळांच्या दारात उभे राहिले.

"ओव्हाळ, तुमचा पायलट सेल बोलवा जरा बाहेर."

"टेंबेसाहेब, शांत व्हा. आधी पाय धुवा."

"पाय तसेच राहू देत, पुरावा आहे. मला एवढंच सांगा, तुमच्या घरातला टॉर्च चालतो आणि आमचे चालत नाहीत. चांगले सेल घरात ठेवता आणि आम्हाला वाईट देता काय?"

हे लागलं. चौतीस वर्षांत ओव्हाळांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि इथे तर दानतीवरच ठेवलं. त्यांचा आवाज चढला. "रविवारी संध्याकाळी सातला लाइट जातात. तिन्ही टॉर्च गच्चीवर आणा. सगळ्यांसमोर टेस्ट होईल. माझं चुकलं असेल तर रजिस्टर तुमच्यासमोर फाडीन." आतून नंदाबाईंनी हे ऐकलं, आणि त्यांच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

रविवारी लाइट वेळेवर गेले. त्या काळात तेवढी एकच गोष्ट वेळेवर होई. गच्चीवर सगळी सोसायटी. लाइट गेलेले असले की लोक एकमेकांकडे जात, गच्चीत येऊन गप्पा मारत, कुणी दाणे आणत. आता वीज जात नाही आणि शेजारी कोण राहतं ते नावाच्या पाटीवरून कळतं. असो. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर तीन टॉर्च ओळीने ठेवले. सेल सकाळीच चार्जरवरून काढून ज्याचे त्याला दिलेले. ओव्हाळांच्या हातात घड्याळ आणि काखेत रजिस्टर. तिन्ही बटणं एकदम दाबली आणि गच्ची पांढरीशुभ्र झाली. "वा!" कुणीतरी म्हणालं.

चार मिनिटांत शैलाताईंचा टॉर्च पिवळा पडला. सहा मिनिटांत टेंब्यांचा. सातव्या मिनिटाला दोन्ही गेले. नंदाबाईंचा मात्र ढणढणत होता. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. ओव्हाळांची छाती फुगत गेली.

"आता बोला," ते म्हणाले. "तेच सेल, तोच चार्जर, तीच देखभाल. बॅटरीला प्रेम द्यावं लागतं, टेंबेसाहेब. आमच्या एक्स्चेंजमध्ये..."

नंदाबाई मागून म्हणाल्या, "अहो, झालं की. चला खाली, भाकऱ्या गार होतायत."

"थांब गं, लोकांना कळू दे."

"कळू दे ना," टेंबे म्हणाले आणि त्यांनी तो तिसरा टॉर्च उचलला. "बघू तरी प्रेम दिलेले सेल कसे दिसतात." त्यांनी मागचं झाकण फिरवलं. टॉर्च विझला. अंधारात त्यांच्या तळहातावर तीन सेल आले, आणि निकिताने मोबाइलचा उजेड धरला.

सेलवर नंबर नव्हते. साधे कोपऱ्यावरच्या दुकानातले सेल होते, वापरून फेकायचे, दीड व्होल्टचे.

गच्चीवर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं ओव्हाळांना वाटलं. सगळे नंदाबाईंकडे बघायला लागले आणि नंदाबाई टाकीकडे.

"किती दिवस?" ओव्हाळांनी विचारलं.

"पहिले पंधरा-वीस दिवस तुमचेच चालले," नंदाबाई म्हणाल्या. "मग मधेच विझायला लागले. म्हणून पर्समध्ये हे ठेवत होते. जिन्यात बदलायचे, घरी येताना परत तुमचे घालायचे. आजही वर येताना तेच केलं."

निकिता तोवर खाली जाऊन चार्जरच्या खोक्यातला तो घडीचा कागद घेऊन आली होती. तिने मोबाइलच्या उजेडात वाचलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, सात तास लिहिलंय. सात तासांनी काढायचे, नाहीतर सेल खराब होतात. हे तुमच्या एक्स्चेंजच्या बॅटरीसारखे नसतात. सारखे चार्जिंगला ठेवले की आतून जळतात."

म्हणजे तो गरमपणा. रोज पहाटे हात लावून ज्याचं कौतुक केलं तो गरमपणा म्हणजे सेल मरत होते. आणि व्होल्टेज? चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या मेलेल्या सेलवरही मीटर थोडा वेळ छानच आकडा दाखवतो. हे तर ओव्हाळांना माहीत होतं! नव्या पोरांना त्यांनी स्वतः शिकवलं होतं, की भार टाकल्याशिवाय बॅटरीवर विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी काखेतलं रजिस्टर काढलं. फाडायला हात उचलला तेव्हा टेंबेच म्हणाले, "राहू द्या हो. माझं दूध काय त्याने परत येणारे का?" पुणेरी माणूस याहून जास्त दिलगिरी व्यक्त करत नाही.

घरी आल्यावर ओव्हाळ ताटावर बसले. भाकरी अर्धीच खाल्ली. शेवटी म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस? नव्वद दिवस छान छान म्हणालीस. माझी फजिती बघायची होती?"

नंदाबाई ताटं उचलत होत्या, त्या थांबल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही परत त्या खुर्चीत जाऊन बसला असता," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी रोज कुलूप उघडताना घाबरत होते, अहो. तुम्ही पाचला उठायला लागलात, शीळ घालायला लागलात. त्यापुढे तीन सेलांचं काय घेऊन बसलात? मी रोज नवे आणले असते."

ओव्हाळ गॅलरीत गेले आणि त्यांनी तिन्ही चार्जर बंद केले.

सोमवारी पहाटे नंदाबाई उठल्या तर स्वयंपाकघरात उजेड नव्हता. चहा नव्हता. त्यांनी आधी त्या खुर्चीकडे पाहिलं, ती रिकामी होती. त्या बाहेर आल्या, तर ओव्हाळ दारात, स्वेटर, कानटोपी, पायात बूट, लेस बांधतायत.

"कुठे निघालात?"

"बसपर्यंत येतो. सेल बिघडवले मी, तुला अंधारात मी घातलं. आता स्वतः लाइनीवर उतरून, भार टाकून बघायचं. इथे बसून आकडे लिहायचे नाहीत." त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सेलांचा तो टॉर्च बाईंच्या हातात दिला. "तू धर. मी पुढे होतो, चर कुठे आहे बघतो. तू माझ्या मागून ये, म्हणजे पडायची नाहीस."

गल्लीत मिट्ट काळोख होता. ओव्हाळ ताठ मानेने पुढे चालू लागले. दर चार पावलांवर मागे न वळता सूचना देत होते: इथे दगड आहे, इथे माती घसरते, डावीकडून ये. नंदाबाईंना तो चर तीन महिन्यांत पाठ झाला होता. दगड कुठे, फळी कुठे, पाऊल कुठे टाकायचं, सगळं. डोळे मिटून गेल्या असत्या. ओव्हाळ मात्र या गल्लीत वर्षभर उजाडायच्या आत उतरलेच नव्हते, आणि संध्याकाळनंतर त्यांना कमी दिसायला लागलंय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला दिसतंय ना नीट?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय हो," नंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही चला."

आणि टॉर्च त्यांनी आणखी थोडा पुढे केला, ओव्हाळांच्या बुटांच्या बरोबर समोर.